वाचकांचे प्रश्न : विश्वस्ताची सही आणि संस्थेचा पैसा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लहान-मोठ्या सार्वजनिक संस्था चालवणाऱ्या किंवा त्यांच्याशी व्यवहार कराव्या लागणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तालुक्याच्या गावी आमचे जुने सार्वजनिक वाचनालय आहे. ते धर्मादाय कार्यालयात नोंदलेले असून त्याला शासनाचे अनुदान मिळते. सहा महिन्यांपूर्वी माझी कोषाध्यक्ष म्हणून निवड झाली. अध्यक्ष गावात सर्वांना वडिलांच्या ठिकाणी आहेत आणि वाचनालय त्यांच्याच कष्टांवर उभे राहिले आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी दहा कोऱ्या चेकवर माझ्या सह्या घेतल्या. आधीचे कोषाध्यक्षही असेच करत, असे ते म्हणाले. आता गेल्या वर्षीच्या ताळेबंदावर माझी सही हवी आहे. आधी हिशेब पाहतो असे म्हटले, तर "इतक्या वर्षांत कोणी विचारले नाही" एवढे बोलून त्यांनी माझ्याशी बोलणेच टाकले. मी सही करावी, की पद सोडावे?

उत्तर : गुरुजी, आधी ते दहा चेक परत मिळवा. ताळेबंदाचे नंतर बघू. जे चेक वापरले गेले असतील त्यांचे व्हाउचर मागा. जे शिल्लक असतील ते अध्यक्षांच्या समोरच रद्द करा आणि त्यांचे क्रमांक पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवा. एखादा चेक सापडत नसेल, तर त्याचे पैसे थांबवण्याचे पत्र त्याच दिवशी बँकेला द्या. बँकेच्या खात्यावर दोन सह्यांची अट असते ती एवढ्याचसाठी, की रक्कम कोणाला आणि कशासाठी जाते हे दोन माणसांनी वेगवेगळे पाहिलेले असावे. कोऱ्या चेकवर सही झाली की दुसरा माणूस कागदावर उरतो, व्यवहारात उरत नाही. पुढे कधी चौकशी झाली, तर "मी फक्त सही केली होती" हे उत्तर तुमच्या उपयोगी पडणार नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात विचारलेली नाही, पण ती सहा महिन्यांच्या उल्लेखावरून लक्षात आली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमध्ये किंवा संस्थेच्या नोंदीतील इतर तपशिलात बदल झाला, की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, दाखल करावा लागतो. तुमच्या निवडीचा अर्ज दाखल झाला आहे का, हे आजच पाहा. राहिला असेल, तर विलंब माफीच्या अर्जासह तो लगेच दाखल करायला सांगा. कितीतरी जुन्या संस्थांच्या परिशिष्ट १ वर, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावर, आजही दिवंगत विश्वस्तांची नावे आहेत. मग जागेचा वाद निघाला किंवा बँकेने खाते गोठवले, की संस्थेच्या वतीने बोलण्याचा अधिकार नेमका कोणाला, हेच सिद्ध करता येत नाही.

आता ताळेबंद. ते वर्ष तुमच्या कारकिर्दीतले नाही, म्हणून अध्यक्षांच्या घरी बसून त्यावर सही करू नका. ताळेबंद, जमाखर्च पत्रक आणि लेखापरीक्षकांचा अहवाल कार्यकारी मंडळाच्या सभेपुढे ठेवायला सांगा. तेथे ते वाचले जावेत, शंकांची उत्तरे मिळावीत, आणि हे वर्ष आपल्या निवडीपूर्वीचे आहे अशी नोंद इतिवृत्तात व्हावी. त्यानंतर सही करायला हरकत नाही.

वाचायचे म्हणजे काय वाचायचे, असे तुम्हाला वाटेल, कारण बहुतेक विश्वस्त ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की पान उलटतात. बेरीज जुळतेच, ती जुळवूनच पत्रक तयार होते. तुम्ही लेखापरीक्षकांच्या अहवालाकडे वळा. या कायद्याखालील नियमांमध्ये, नियम १९ मध्ये, लेखापरीक्षकाने कशाकशाची उत्तरे द्यायची हे ठरवून दिलेले आहे, आणि माझ्या मते विश्वस्ताला शिकण्यासारखे त्याहून चांगले पान दुसरे नाही. हिशेब नियमित ठेवले आहेत का. तपासणीच्या दिवशी हातातील रोकड आणि व्हाउचर हिशेबाशी जुळले का. स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही आहे का. दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का. सभा नियमित झाल्या का आणि इतिवृत्त लिहिले का. विश्वस्तांपैकी कोणी संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का. मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त केल्या का. या प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहिलेले असते. ते उत्तर ओळीने "होय, होय, नाही, लागू नाही" असे छापील आले असेल, तर त्यातील कोणतेही एक उत्तर निवडा आणि त्याचा कागद मागा. शिवाय अनियमित, बेकायदा किंवा अयोग्य खर्च, वसूल न केलेली येणी आणि संस्थेचे झालेले नुकसान हे सांगणे कलम ३४ प्रमाणे लेखापरीक्षकाचे कर्तव्यच आहे. त्याच्याशी थेट बोलायला संकोच करू नका. त्याची नेमणूक संस्थेने केली आहे, अध्यक्षांनी नव्हे.

मी लेखापरीक्षणाच्या कामात अनेक वर्षे काढली. संस्थेत गेले की मी कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडण्यापूर्वी रोकड पेटी उघडायला सांगत असे. एका संस्थेत कीर्दीप्रमाणे पेटीत साडेसात हजारांच्या आसपास रोकड हवी होती. पेटीत दोन हजार चारशे रुपये आणि वहीच्या कागदाची चौघडी केलेली एक चिठ्ठी निघाली : "अण्णांना उचल ५०००". तिच्यावर तारीख नव्हती आणि सहीही नव्हती. ते अण्णा, म्हणजे संस्थेचे सचिव, अत्यंत सरळ गृहस्थ होते. घरातल्या आजारपणासाठी त्यांनी पैसे घेतले होते आणि पगार झाला की परत ठेवायचे होते. त्यांनी ते ठेवलेही. पण ती चिठ्ठी तेथे किती महिने होती हे कोणालाच सांगता येईना, आणि त्या काळात प्रत्येक सभेत "हातातील शिल्लक बरोबर" असे इतिवृत्त मंजूर होत आले होते. पैसा परत आला, तरी त्या प्रत्येक इतिवृत्तावर सह्या करणारी सात माणसे खोटी ठरली होती, आणि मला त्याचे अधिक वाईट वाटले.

म्हणून तुम्ही स्वतः एवढे करा. महिन्याच्या शेवटी रोकड मोजून कीर्दीवर सही करा. बँकेच्या पासबुकाशी ताळमेळ पत्रक लावा. पावतीपुस्तके क्रमांकाने मोजून घ्या आणि प्रत्येक पुस्तकातील स्थळप्रती, म्हणजे संस्थेकडे राहणाऱ्या प्रती, सलग आहेत का ते पाहा. चौदा नंबरच्या पुस्तकात एकतिसाव्या पावतीनंतर सदतिसावी येत असेल, तर मधल्या पावत्या कोठे गेल्या हे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रद्द झालेली पावती पुस्तकातच चिकटून राहिली पाहिजे. अनुदानाचा हप्ता जमा झाला की तो ज्या कामासाठी आला त्याच कामासाठी खर्च झाला, हे दाखवणारी खतावणीतील, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीतील, पाने वेगळी ठेवा. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या बिगरसरकारी संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे उद्या एखादा सभासद १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज घेऊन आला, तर त्याला तोंड देण्याची तयारी आजपासून असलेली बरी.

अध्यक्षांशी कसे बोलावे, हा तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग आहे. ज्यांनी दारोदार हिंडून पुस्तके आणि वर्गणी गोळा केली, त्यांना हिशेब विचारला की तो आपल्या आयुष्याचा जाब वाटतो. त्यांची ही भावना खोटी नाही, आणि तिचा अपमान होऊ देऊ नका. त्यांच्याकडे एकटे जा. त्यांना सांगा, की मला तुमच्या शब्दावर विश्वास आहे, पण वीस वर्षांनी या खुर्चीवर बसणाऱ्याने तुम्हाला पाहिलेले नसेल. त्याच्या हाती फक्त कागद असेल, आणि तुमच्या नावावर कोणी शिंतोडा उडवला तर तो पुसायला तोच कागद लागेल. माझा अनुभव असा, की प्रामाणिक माणूस सुरुवातीला रागावतो, पण आठ-पंधरा दिवसांनी स्वतःच दफ्तर काढून देतो. दफ्तर कधीच बाहेर येत नसेल, तर मात्र तुमचे म्हणणे लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

राजीनामा एवढ्यात देऊ नका. दिल्याने मागच्या सहा महिन्यांची जबाबदारी आपोआप संपत नाही, आणि तुमच्या जागी कोऱ्या चेकवर सही करणारा दुसरा कोणीतरी येईल. शेवटी द्यावाच लागला, तर "वैयक्तिक कारणास्तव" असे लिहू नका. कारण लिहा.

प्रश्न : मी आमच्या देवस्थान ट्रस्टचा विश्वस्त आहे. देवस्थानच्या सुमारे १८ लाखांच्या ठेवी गावातील एका पतसंस्थेत आहेत आणि आमचे अध्यक्षच त्या पतसंस्थेचेही अध्यक्ष आहेत. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त मिळते, म्हणजे देवस्थानचा फायदाच आहे, असे ते सांगतात. ठेवी आजवर कधी अडकलेल्या नाहीत. यात गैर काही आहे का?

उत्तर : आहे, आणि ते दोन वेगवेगळ्या प्रकारचे आहे.

पहिले कायद्याचे. वर सांगितलेल्या विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा तातडीने न लागणारा पैसा शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या सूचीतील) बँकेत, पोस्टाच्या बचत बँकेत किंवा त्यासाठी राज्य शासनाने मान्य केलेल्या सहकारी बँकेत ठेवायचा असतो, किंवा सरकारी रोख्यांत गुंतवायचा असतो. याखेरीज वेगळ्या ठिकाणी गुंतवायचा, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नागरी सहकारी पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे; पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. ठेवी आजवर अडकल्या नाहीत, हा भरवसा किती टिकाऊ असतो हे २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांनी अनुभवले. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि सुरुवातीला प्रत्येक खात्यातून काढता येणारी रक्कम १,००० रुपये ठरली. ती तर बँक होती.

दुसरे अधिक गंभीर आहे. तुमचे अध्यक्ष एकाच वेळी पैसा देणारे आणि पैसा घेणारे आहेत. पतसंस्थेला ठेवींची गरज असते, त्या गोळा करणे हे तेथील अध्यक्ष म्हणून त्यांचे काम आहे, आणि ते काम ते देवाच्या पैशावर करत आहेत. पतसंस्था उद्या अडचणीत आली, तर देवस्थानच्या ठेवी वेळेवर काढून घ्यायच्या की पतसंस्थेवरचा लोकांचा विश्वास टिकवण्यासाठी त्या तशाच ठेवायच्या, हा निर्णय त्यांनी कोणाच्या बाजूने घ्यायचा? माणूस कितीही सज्जन असला, तरी त्याला त्या जागी बसवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. दीड टक्क्यांच्या हिशेबात, म्हणजे १८ लाखांवर वर्षाला २७,००० रुपयांत, ही जोखीम मोजलेली नाही.

ठेवी रातोरात मोडायला सांगू नका. त्यात व्याजही बुडते आणि गावात नको ती कुजबुजही सुरू होते. सभेच्या कार्यसूचीवर विषय घ्या. त्या विषयापुरते अध्यक्षांनी सभेबाहेर बसावे आणि दुसऱ्या विश्वस्ताने सभा चालवावी. मुदत संपेल तशी प्रत्येक ठेव बँकेत न्यायची, असा ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह करा. ठराव झाल्यावरही टाळाटाळ झाली, तर लक्षात ठेवा, की कर्तव्यात कसूर आणि ट्रस्टच्या मालमत्तेचा अयोग्य वापर ही कलम ४१डी प्रमाणे विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याची कारणे आहेत. त्यासाठी विश्वस्ताला किंवा ट्रस्टमध्ये हितसंबंध असलेल्या व्यक्तीला अर्ज करता येतो. संबंधिताला त्याचे म्हणणे मांडण्याची संधी अर्थातच मिळते.

संस्थेबाहेरचे हित आणि संस्थेचे हित यांची सरमिसळ हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी बाहेरच्या कमाईकडे आणि उद्योगांकडे कितपत वळावे, यावरून टिळकांचे सहकाऱ्यांशी मतभेद झाले आणि १८९० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यात कोणाचे बरोबर होते यावर अजूनही मते वेगळी आहेत. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की आपसांतला हा प्रश्न त्या माणसांनी संकोचापोटी दाबून ठेवला नाही.

प्रश्न : माझ्या भावाला छातीत दुखू लागल्याने आम्ही त्याला रात्री धर्मादाय म्हणून नोंदलेल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. अनामत रक्कम भरल्याशिवाय पुढचे उपचार होणार नाहीत, असे सांगण्यात आले. नातेवाइकांकडून पैसे गोळा करून आम्ही ती भरली. भाऊ वाचला, पण कर्ज झाले. अशा रुग्णालयात गरिबांसाठी खाटा राखीव असतात असे नंतर कळले. आम्हाला कोणीच कसे सांगितले नाही?

उत्तर : तुमचे भाऊ सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. तुम्हाला सांगायला हवे होते, आणि न सांगणे ही कारकुनाची चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

अशा ट्रस्ट रुग्णालयांना करांत सवलती, आणि काहींना सरकारी जागाही, मिळाली ती गरिबांवर उपचार करण्याच्या अटीवर. त्याच विश्वस्त कायद्याचे कलम ४१एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी जमा करायची असते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेऊन, प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, हेही त्या योजनेतच आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे.

तुमच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका, दाखल केल्याचे कागद, अनामतीची पावती आणि बिल या सर्वांच्या प्रती जोडून जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. तक्रारीत वेळ लिहा : किती वाजता पोहोचलात, पैसे कधी मागितले, उपचार कधी सुरू झाले. निर्धन निधीत त्या महिन्यात किती रक्कम जमा होती आणि त्यातून किती रुग्णांवर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात धर्मादाय कार्यालयाकडे मागा. ते कार्यालय त्या कायद्याखाली उत्तर द्यायला बांधील आहे.

येथे विश्वस्तांबद्दल एक बोलल्याशिवाय राहवत नाही. प्रवेशाच्या खिडकीवर बसलेली मुलगी अनामत मागते, कारण न मागितल्यास तिला वरून बोल लागतो. त्या खिडकीच्या काचेवर राखीव खाटांचा फलक डोळ्यांच्या उंचीवर लावायचा, की जिन्याखाली अग्निशामक नळकांड्याच्या मागे, हे विश्वस्त मंडळ ठरवते. अशा संस्थेची पाहणी करायला मी गेले असते, तर निधीचे खाते नंतर मागितले असते. आधी रात्री अकरा वाजता त्या खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसले असते.

प्रश्न : आमच्या भागातील मंडळाने यंदा गणेशोत्सवासाठी क्यूआर कोडवर वर्गणी घेतली. पावती मागितली, तर "मोबाइलवर आले की, काका" असे उत्तर मिळाले. मी काय पाहायला हवे होते?

उत्तर : तो कोड स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव कोणाचे आले, हे पहिले पाहायचे. ते मंडळाचे नसून एखाद्या कार्यकर्त्याचे असेल, तर पैसे देऊ नका, तो कार्यकर्ता तुमचा भाचा असला तरीही. मोबाइलवरचा संदेश हा बँकेचा पुरावा आहे, मंडळाची पोच नव्हे. मंडळाच्या हिशेबात तुमची रक्कम आली हे फक्त क्रमांक असलेल्या पावतीवरूनच ठरते.

नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी कलम ४१सी प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यायची असते आणि उत्सव झाल्यावर जमाखर्च सादर करायचा असतो. परवानगीची प्रत मंडपात लावलेली दिसत नसेल, तर मागा. अशा वर्गणीवर आयकराची ८०जी सवलत सहसा मिळत नाही. ज्या नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या देणगीवर ती मिळते, तेथेही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी चालत नाही, जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते, आणि संस्थेने आयकर विभागाकडे देणगीदारांचे विवरण भरल्यावर निघणारे प्रमाणपत्र हाती असावे लागते.

पुढच्या वर्षी वर्गणीला मुले दारात आली, की त्यांना आत बोलवा, चहा द्या आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च कोठे लावला होता ते विचारा. तो मंडपाशेजारच्या फळ्यावर लावायची पद्धत बऱ्याच जुन्या मंडळांत अजून आहे. तुमच्या भागात ती मोडली असेल, तर एखादी पांढरी शीट आणि स्केच पेन तुम्हीच पुढे करा.